रंगाऱ्यांचा ट्रेड रंग की घरगुती रंग: घराच्या आतील भिंतींसाठी निवड कशी करावी

घराच्या आतील भिंती रंगवायचे ठरले की छटा कोणती घ्यावी या प्रश्नाच्या मागोमाग रंग कोणत्या दर्जाचा घ्यावा हा प्रश्न उभा राहतो. एकाच कंपनीचे दोन प्रकारचे रंग बाजारात मिळतात. एक सर्वसामान्य ग्राहकासाठी लहान, देखण्या डब्यात भरलेला असतो. दुसरा मोठ्या, साध्या बादलीत येतो आणि त्यावर ‘ट्रेड’, ‘प्रोफेशनल’ किंवा ‘कॉन्ट्रॅक्टर’ असा शब्द असतो. दुसरा रंग कसबी रंगारी वापरतात, म्हणजे तो सरस असलाच पाहिजे, असे पुष्कळ जण गृहीत धरतात आणि तिथेच निवड चुकते. ‘व्यावसायिक’ या शब्दावरून तो रंग कोणाच्या हाताने, किती वेगाने आणि कशा भिंतीवर लावला जाईल एवढे कळते. तो किती टिकेल हे त्या शब्दावरून कळत नाही. व्यावसायिक रंगांत अत्यंत टिकाऊ रंग असतात आणि ओला हात लागताच सुटणारे रंगही असतात. घरगुती रंगांतही हेच दोन्ही टोकांचे प्रकार आढळतात. म्हणून निवड करताना आपली भिंत कशी आहे, तिथे वावर किती आहे आणि काम कोण करणार आहे, या तीन गोष्टी आधी निश्चित कराव्यात आणि मगच डब्याकडे वळावे.

डब्यात नेमके काय असते

पाण्यात मिसळणाऱ्या कोणत्याही रंगात चार घटक असतात: रंगद्रव्य, बाइंडर म्हणजे रंगाचा थर धरून ठेवणारी राळ, पाणी आणि थोडी साहाय्यक रसायने. पाणी उडून गेल्यावर रंगद्रव्य व बाइंडर एवढेच भिंतीवर उरतात, आणि रंगाची खरी किंमत या उरलेल्या थरात असते. पांढऱ्या व फिक्या छटांमध्ये झाकणशक्ती, म्हणजे खालचा पृष्ठभाग दिसू न देण्याची ताकद, मुख्यतः टायटॅनियम डायऑक्साइडमुळे येते. त्याचा अपवर्तनांक, म्हणजे पदार्थ प्रकाशाला किती वळवतो याचे माप, सुमारे २.७ आहे, तर बाइंडरचा सुमारे १.५. या मोठ्या फरकामुळे प्रकाश थरातच विखुरला जातो आणि खालची भिंत दिसत नाही. हे द्रव्य महाग असल्याने त्याच्या जोडीला कॅल्शियम कार्बोनेट, टाल्क, चिनी माती अशी स्वस्त भर घातली जाते. या पदार्थांचा अपवर्तनांक बाइंडरच्या जवळपास असल्यामुळे ते बाइंडरमध्ये पूर्ण बुडालेले असताना जवळजवळ पारदर्शक ठरतात.

मग भर जास्त असलेला स्वस्त रंगसुद्धा वाळल्यावर चांगला झाकतो, तो कसा? त्यात बाइंडर इतका कमी असतो की कणांमधल्या फटी भरून निघत नाहीत. त्या फटींत हवा राहते, आणि हवेचा अपवर्तनांक १ असल्याने प्रकाश तिथेही विखुरतो. असा थर कोरडा असताना भरीव व शुभ्र दिसतो, मात्र तो सच्छिद्र असतो, डाग शोषून घेतो आणि ओल्या फडक्याने पुसला की खडूसारखा हाताला लागतो. याची परीक्षा घरीही करता येते. काळी पट्टी काढलेल्या पुठ्ठ्यावर रंगाचा एक हात द्यावा, तो पूर्ण वाळू द्यावा आणि मग त्यावर ओले बोट ठेवावे. बोटाखाली पट्टी एकदम स्पष्ट दिसू लागली, तर त्या रंगाची झाकणशक्ती बऱ्याच अंशी फटींतल्या हवेची आहे, हे समजावे. पट्टी जशीच्या तशी झाकलेली राहिली, तर त्यात रंगद्रव्य व बाइंडर पुरेसे आहेत.

बाइंडर कोणता आहे, हेही पाहावे. शुद्ध अ‍ॅक्रिलिक बाइंडर साधारणतः घासणे, पाणी आणि भिंतीतील क्षार यांना अधिक चांगला तोंड देतो; व्हिनाइल अ‍ॅसिटेटवर आधारलेला बाइंडर स्वस्त असतो आणि कोरड्या, कमी वावराच्या भिंतींना पुरतो. डब्यावर ‘अ‍ॅक्रिलिक’ हा शब्द असला, तरी तो शुद्ध अ‍ॅक्रिलिक आहे की मिश्र, हे तांत्रिक माहितीपत्रकात पाहिल्याशिवाय कळत नाही.

दोन्ही रंग कोणत्या गृहीतकांवर बनतात

व्यावसायिक रंग तयार करताना कंपनी काही गोष्टी धरून चालते. लावणारा माणूस भिंत आधी नीट तयार करील, वेगळा प्रायमर वापरील, गरजेप्रमाणे पाणी मिसळील, आधीच्या पट्टीची ओली किनार सुकू न देता सलग काम करील, आणि मोठे क्षेत्र थोड्या वेळात उरकील. त्यामुळे हे रंग बहुधा मोठ्या बादल्यांत येतात, पुष्कळदा फवारणी यंत्रातूनही मारता येतात आणि लवकर दुसऱ्या हातासाठी तयार होतात. त्यांचे तांत्रिक माहितीपत्रक सविस्तर असते, आणि माझ्या मते घरमालकाच्या दृष्टीने या रंगांचा हा सर्वांत मोठा फायदा आहे.

घरगुती रंग नेमक्या उलट गृहीतकावर बनतो. लावणाऱ्याचा हात बसलेला नसेल, तो मधेच थांबेल, रोलर जास्त भरेल, प्रायमर वगळेल, अशी शक्यता धरून तो तयार केलेला असतो. म्हणून काही घरगुती रंग घट्ट जेलसारखे असतात: स्थिर असताना दाट राहतात, ब्रश फिरवला की पातळ होतात, त्यामुळे ओघळ व शिंतोडे कमी येतात. काही रंग उशिरा सुकतात, म्हणजे दोन पट्ट्यांच्या जोडावर रेघ दिसत नाही. ‘एकाच हातात काम’ असा दावा करणारे रंग दाट थर बसेल अशा बेताने केलेले असतात, आणि तो दावा साधारणपणे फिक्या, एकसारख्या जुन्या रंगावर तशीच फिकी छटा देतानाच खरा ठरतो. अशा जेलसारख्या रंगात पाणी मिसळले, तर त्याचा मूळ गुणच जातो.

व्यावसायिक रंगांच्या कुळात ‘कॉन्ट्रॅक्ट मॅट’ नावाचा एक बिनचकाकीचा प्रकार असतो आणि सर्वाधिक गैरसमज त्याच्याच बाबतीत होतात. नव्या इमारतींच्या ताज्या गिलाव्यासाठी तो बनवलेला असतो. त्यात बाइंडर कमी असल्याने थर सच्छिद्र राहतो, गिलाव्यातले पाणी त्यातून बाहेर पडू शकते, आणि इतर कारागिरांच्या कामात भिंतीला ओरखडे आले तर त्याच रंगाचा टचअप ठिगळासारखा दिसत नाही. त्याला नेमून दिलेल्या या कामासाठी हा रंग उत्तम आहे. मात्र तोच अंतिम रंग समजून मुलांच्या खोलीत किंवा जिन्यात लावला, तर पहिल्याच पुसण्यात भिंतीवर पट्टे उमटतात, आणि घरमालकाला वाटते की ‘व्यावसायिक’ रंग घेऊनही आपली फसवणूक झाली. प्रत्यक्षात त्या रंगाला जे काम दिलेच नव्हते, ते त्याच्याकडून मागितले गेलेले असते. याच कुळाच्या दुसऱ्या टोकाला रुग्णालये, शाळा आणि वर्दळीच्या जागांसाठी केलेले टिकाऊ मॅट व साटिन, म्हणजे मंद चकाकीचे, रंग असतात, आणि घराच्या वावराच्या भिंतींसाठी खरोखर विचारात घ्यावा असा व्यावसायिक रंग तो हाच.

तांत्रिक माहितीपत्रक कसे वाचावे

डब्यावरच्या विशेषणांपेक्षा माहितीपत्रकातले आकडे अधिक प्रामाणिक असतात. ते दुकानात मागावे किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्यावे. एखाद्या रंगाचे असे पत्रक उपलब्धच नसेल, तर तो रंग मोठ्या कामासाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिला आकडा पाहावा तो आकारमानानुसार घन भागाचा. रंग वाळल्यावर डब्यातल्या एकूण आकारमानापैकी किती भाग भिंतीवर राहतो, हे तो सांगतो. एक लिटर रंग १० चौरस मीटरवर पसरला की ओला थर १०० मायक्रॉन जाडीचा होतो (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). घन भाग ४० टक्के असेल, तर वाळलेला थर ४० मायक्रॉन राहील. ३० टक्के असेल, तर ३० मायक्रॉनच राहील, बाकीचे पाणी होते. ४० टक्क्यांच्या रंगात दहा टक्के पाणी मिसळले की हा भाग सुमारे ३६ टक्क्यांवर येतो, आणि वीस टक्के मिसळले की सुमारे ३३ वर. पाणी जास्त घालून पसरवलेला चांगला रंग अखेर साध्या रंगाइतकाच पातळ थर देतो, हे यावरून लक्षात येईल. इथे वजनानुसार दिलेल्या घन भागाशी गल्लत करू नये. भरीचे खनिज पदार्थ जड असल्याने स्वस्त रंगाचे वजन चांगले भरते, त्यामुळे ‘डबा जड लागला म्हणजे रंग चांगला’ हा ठोकताळा फसवा आहे.

दुसरा आकडा पसरण्याचा, म्हणजे एका लिटरमध्ये किती चौरस मीटर होतील याचा. हा आकडा बहुतेक वेळा गुळगुळीत, कमी शोषणाऱ्या पृष्ठभागावरचा असतो आणि एका हातासाठी असतो. खडबडीत किंवा शोषक भिंतीवर तो निश्चित कमी भरतो. जास्त पसरणारा रंग म्हणजे जास्त किफायतशीर, हेही नेहमी खरे नसते, कारण रंग जितका पसरेल तितका थर पातळ होईल.

तिसरा आकडा ओल्या घर्षणाचा, आणि घरासाठी मी यालाच सर्वाधिक महत्त्व देईन. आयएसओ ११९९८ या पद्धतीत रंगाचा थर २८ दिवस वाळवून ओल्या घासणीने ठरावीक वेळा घासतात आणि किती मायक्रॉन झीज झाली हे मोजतात. ईएन १३३०० या युरोपीय मानकात त्यावरून पाच वर्ग ठरवले आहेत. २०० वेळा घासल्यावर ५ मायक्रॉनपेक्षा कमी झीज झाली तर पहिला वर्ग, ५ ते २० मायक्रॉन झीज झाली तर दुसरा, २० ते ७० झाली तर तिसरा. चौथ्या व पाचव्या वर्गाच्या रंगांना २०० घासण्या झेपतच नाहीत, त्यांची परीक्षा ४० घासण्यांवर होते. स्वयंपाकघर, जिना, मुलांची खोली आणि दिव्यांच्या बटणांभोवतीच्या भिंती यांना पहिला किंवा दुसरा वर्ग हवा. पाहुण्यांची खोली किंवा छत यांना तिसराही चालतो. हा वर्ग माहितीपत्रकात दिलेला असेल, तर ‘धुता येण्याजोगा’ या शब्दाचा खरा अर्थ लगेच कळतो. दिलेला नसेल, तर तो शब्द फारसा गंभीरपणे घेऊ नये.

त्याच मानकात झाकणशक्तीचेही वर्ग आहेत. काळ्या व पांढऱ्या पट्ट्यांवर दिलेल्या थराचे परावर्तन मोजून त्यांचे गुणोत्तर काढतात. ते ९९.५ टक्के किंवा अधिक असेल तर पहिला वर्ग आणि ९८ ते ९९.५ असेल तर दुसरा. हा वर्ग विशिष्ट पसरणीला जोडलेला असतो, म्हणून ‘अमुक चौरस मीटर प्रति लिटर या दराने पहिला वर्ग’ असे पूर्ण वाक्य वाचावे. एका रंगाचा पहिला वर्ग ७ चौरस मीटरला आणि दुसऱ्याचा १० चौरस मीटरला असेल, तर दुसरा रंग कितीतरी सरस आहे.

बाष्पनशील सेंद्रिय द्रव्यांचे, म्हणजे व्हीओसीचे प्रमाण ग्रॅम प्रति लिटर असे लिहिलेले असते. युरोपीय संघात आतील मॅट जलाधारित रंगांसाठी २०१०पासून ३० ग्रॅम प्रति लिटर ही कमाल मर्यादा आहे, आणि तुलनेसाठी हा आकडा कोठेही उपयोगी पडतो. मात्र व्हीओसी कमी असले तरी डब्यात रंग सडू नये म्हणून घातलेली जंतुरोधक रसायने त्यात बहुधा असतात. ज्यांच्या त्वचेला अशा रसायनांचा त्रास होतो, त्यांनी सुरक्षा माहितीपत्रकही वाचावे आणि काम चालू असताना व नंतरही खोली मोकळी, हवेशीर ठेवावी.

किमतीची तुलना

प्रति लिटर किमतीची तुलना करणे ही या खरेदीतली सर्वांत सामान्य चूक आहे. तुलना पूर्ण झालेल्या भिंतीच्या प्रति चौरस मीटर खर्चाची करावी. समजा, खोली ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच आहे. चारही भिंतींचे क्षेत्र ४२ चौरस मीटर होते. दारे-खिडक्यांचे ६ वजा केले तर ३६ उरतात. एक रंग लिटरमागे १२ चौरस मीटर पसरतो, पण तीन हात दिल्याशिवाय झाकत नाही. त्याला ९ लिटर लागतील. दुसराही तितकाच पसरतो आणि दोन हातांत झाकतो. त्याला ६ लिटर पुरतील. म्हणजे दुसरा रंग लिटरमागे दीडपट महाग असला, तरी सामानाचा खर्च सारखाच होतो, आणि वर एका हाताची मजुरी, एका दिवसाचा खोळंबा व घरातली उलथापालथ वाचते. याउलट, काही वर्षांतच भिंत पाडायची किंवा बदलायची असेल, तर पहिल्या वर्गाच्या रंगावर खर्च करण्यात अर्थ नाही.

भिंतीप्रमाणे निवड

नव्या गिलाव्यापासून सुरुवात करू, कारण तिथे घाई सर्वांत महाग पडते. सिमेंटचा ताजा गिलावा अतिशय क्षारीय असतो आणि त्यात पाणी भरपूर असते. त्यावर लगेच अभेद्य, चकचकीत थर दिला, तर आतले पाणी बाहेर येताना फोड व पोपडे येतात आणि क्षार पृष्ठभागावर पांढरे फुलून दिसतात. अल्किड राळेचा तैलरंग अशा भिंतीवर दिला, तर क्षारांमुळे राळेचे अक्षरशः साबणात रूपांतर होते आणि थर चिकट होऊन सुटतो. म्हणून गिलावा किमान महिनाभर आणि दमट हवेत त्याहून अधिक काळ वाळू द्यावा, क्षाररोधक प्रायमर द्यावा आणि घाईने राहायला जायचेच असेल, तर पहिले वर्ष कॉन्ट्रॅक्ट मॅटसारख्या श्वास घेणाऱ्या रंगावर काढून नंतर टिकाऊ रंग द्यावा. या एका जागी स्वस्त व्यावसायिक रंग महाग घरगुती रंगापेक्षा निःसंशय योग्य ठरतो.

राहत्या घरातल्या जुन्या भिंतींचे तसे नसते. बैठकीच्या खोलीत भिंत सरळ नसेल, लांबी (पुट्टी) भरताना उंचसखल राहिले असेल, तर चकाकी जितकी जास्त तितके दोष अधिक उठून दिसतात. तिथे मॅट रंगच घ्यावा, मात्र टिकाऊ मॅट घ्यावा, कारण साध्या मॅटवर सारखा हात किंवा सोफ्याची पाठ घासली की तेवढ्याच भागाला चकाकी येते आणि ती पुसून जात नाही. स्वयंपाकघर व न्हाणीघर यांसाठी साटिन किंवा सेमी-ग्लॉस रंग आणि त्यात वाळलेल्या थरात काम करणारे बुरशीरोधक द्रव्य असावे. इथे ‘बाथरूमसाठी’ म्हणून मिळणारा घरगुती रंग बहुधा पुरेसा असतो. वेगळा व्यावसायिक रंग शोधत बसण्याची गरज नाही. फक्त ओल भिंतीच्या आतून येत असेल, तर जगातला कोणताही रंग ती थांबवत नाही. आधी गळती बंद करावी, भिंत वाळवावी, बुरशी साफ करावी आणि मगच रंगाचा विचार करावा.

छतासाठी साधा, पूर्ण मॅट, कमी शिंतोडे उडणारा रंग घ्यावा आणि वाचलेले पैसे दारांवर खर्च करावेत.

दारे, चौकटी आणि खिडक्या यांच्या बाबतीत मात्र मी व्यावसायिक रंगाच्या बाजूने आहे. इथे थराला रोजचे धक्के, घाम आणि घर्षण सोसावे लागते. अल्किड तैलरंग सुंदर पसरतो आणि कठीण होतो, पण उशिरा वाळतो, वास सोडतो आणि पांढरा असेल तर अंधाऱ्या जागी हळूहळू पिवळा पडतो. जलाधारित अ‍ॅक्रिलिक एनॅमल पिवळे पडत नाही आणि लवकर वाळते, पण त्यातल्या स्वस्त प्रकारांचा थर मऊ राहतो, आणि बंद केलेले दार चौकटीला चिकटते. चांगल्या व्यावसायिक जलाधारित एनॅमलच्या माहितीपत्रकात असे चिकटणे रोखण्याच्या गुणाचा स्वतंत्र उल्लेख असतो. तो पाहूनच घ्यावे.

काम कोणाच्या हाती आहे

स्वतः, सवड मिळेल तसे एक-एक भिंत रंगवायची असेल, तर उशिरा सुकणारा, ओघळ न येणारा घरगुती रंग खरोखर मदतीला येतो. लवकर सुकणारा व्यावसायिक रंग नवख्या हाताने लावला की पहिली पट्टी सुकल्यावर तिच्यावर दुसरी चढते आणि जोडाच्या रेघा वाळल्यावरही दिसत राहतात. तरीही व्यावसायिक रंगच वापरायचा असेल, तर एक भिंत एका दमात संपवावी, कडा व कोपरे ब्रशने आधी थोडेच भरून लगेच रोलर फिरवावा, आणि पंखा बंद ठेवावा. हवेचे तापमान १० अंश सेल्सियसच्या खाली असेल, तर काम पुढे ढकलावे, कारण थंडीत बाइंडरचे कण एकमेकांत नीट मिसळत नाहीत आणि थर ठिसूळ राहतो.

काम रंगाऱ्याला द्यायचे असेल, तर त्याच्या सवयीचा रंग हा विचारात घेण्याजोगा मुद्दा आहे. ज्या रंगावर त्याचा हात बसला आहे, त्यात तो अधिक चांगले काम देईल. मात्र करारात ‘चांगला व्यावसायिक रंग’ असे मोघम लिहू नये. कंपनी, रंगाचे पूर्ण नाव, चकाकीचा प्रकार, प्रायमरचे नाव, किती हात द्यायचे आणि किती टक्के पाणी मिसळायचे, हे सर्व लिहून घ्यावे. डबे सीलबंद आणावेत आणि समोर उघडावेत. याचा राग न मानणारे रंगारी पुष्कळ आहेत; उलट घरमालकाला नेमके काय हवे ते कळले, की चांगल्या कारागिराचेही काम सोपे होते.

प्रायमर आणि जुना थर

महाग अंतिम रंग आणि प्रायमर वगळणे, या जोडीपेक्षा मध्यम प्रतीचा रंग आणि योग्य प्रायमर ही जोडी मी केव्हाही पसंत करीन. प्रायमर भिंतीचे शोषण सारखे करतो. तो नसेल तर लांबी भरलेली जागा रंग अधिक पिते आणि वाळल्यावर तिथे वेगळ्या चकाकीचे डाग दिसतात. जुन्या चकचकीत तैलरंगावर पॉलिशपेपर मारून चकाकी मोडल्याशिवाय आणि चिकटणारा प्रायमर दिल्याशिवाय पाण्याचा रंग देऊ नये; तो नखानेही सोलून निघतो. जुन्या भिंतीवर गडद फडके घासून पाहावे. फडक्याला पांढरी पूड लागली, तर ती धुऊन काढून प्रायमर दिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

घर जुने असेल, तर खालच्या थरांत शिसे असण्याची शक्यता धरून चालावे. अमेरिकेत घरगुती रंगांतील शिशावर १९७८मध्ये बंदी आली आणि अनेक देशांत तर त्यानंतर बरीच वर्षे असे रंग विकले जात होते. असे थर कोरडे घासू नयेत, जाळूनही काढू नयेत, कारण ती धूळ आणि वाफ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. आधी तपासणी करून घ्यावी आणि काम ओल्या पद्धतीने, खोली बंदिस्त करून, प्रशिक्षित माणसाकडून करवून घ्यावे.

छटेचा दर्जाशी संबंध

गडद लाल, पिवळ्या आणि नारिंगी छटा महाग रंगातही बहुधा दोन हातांत झाकत नाहीत. गडद छटा ज्या बेसमध्ये, म्हणजे छटा घालण्यापूर्वीच्या मूळ रंगात, मिसळतात, त्यात टायटॅनियम डायऑक्साइड नसतेच किंवा फार थोडे असते, आणि स्वच्छ लाल-पिवळी सेंद्रिय रंगद्रव्ये स्वभावतःच काहीशी पारदर्शक असतात. अशा वेळी अधिक महाग रंग घेण्यापेक्षा खाली राखाडी किंवा जवळच्या छटेचा प्रायमर द्यावा. एका कंपनीची छटा दुसऱ्या कंपनीच्या स्वस्त बेसमध्ये करून घेण्याचा मोह टाळावा. बेसचा पांढरेपणा आणि चकाकी निराळी असल्याने छटा जवळपास येते, तंतोतंत येत नाही. आणि पुढे टचअपची वेळ आली की तो फरक डोळ्यांत भरतो.

खरेदीपूर्वीची चाचणी आणि खरेदी

शेवटी दोन किंवा तीन रंग उरले की प्रत्येकाचा सर्वांत लहान डबा आणावा. ज्या भिंतीवर काम करायचे आहे तिथेच, प्रायमर देऊन, प्रत्येकी एक हातभर चौकोन रंगाचे दोन थर देऊन करावा. सकाळी, दुपारी आणि दिव्याच्या उजेडात तो पाहावा. मग थर पुरता मुरण्यासाठी शक्य असेल तर तीन-चार आठवडे थांबावे, आणि प्रत्येक चौकोनावर पेन्सिल व तेलकट बोट लावून ओल्या मऊ फडक्याने सारख्याच जोराने पुसावे. डाग गेला का, फडक्याला रंग आला का आणि पुसलेल्या जागी चकाकी आली का, हे तिन्ही पाहावे. चौकोनाच्या एका कोपऱ्यावर नंतर छोटा टचअप करून तो दिसतो का हेही पाहून ठेवावे. चकाकीच्या रंगांत तो जवळजवळ नेहमीच दिसतो.

रंग पसंत पडला की लागणारा सगळा माल एकदम घ्यावा, आणि डब्यांवरचा बॅच क्रमांक एकच असल्याची खात्री करावी. एकाच बॅचचे पुरेसे डबे मिळाले नाहीत, तर सर्व डबे एका मोठ्या बादलीत ओतून एकत्र ढवळावेत, म्हणजे भिंतीच्या मध्यावर छटा बदलणार नाही. हिशेबापेक्षा दहाएक टक्के जास्त घ्यावा. उरलेला रंग लहान, काठोकाठ भरेल अशा बरणीत घट्ट झाकून, थंडीने गोठणार नाही अशा जागी ठेवावा, आणि बरणीवर खोलीचे नाव, रंगाचे पूर्ण नाव, छटेचा व बॅचचा क्रमांक आणि रंगवल्याची तारीख लिहावी. नव्या भिंती पहिले चार आठवडे पुसू नयेत, त्यांना फर्निचर टेकवू नये आणि चिकटपट्टी लावू नये, कारण हाताला कोरडा लागणारा थर आत अजून मुरत असतो.